पाठ केलेलं घर

दुपारपर्यंत माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला नवरा होता आणि दोन मुलं होती. ‘आय मस्ट वेक अप अर्ली. आय हॅव टू कुक फॉर माय हजबंड ॲन्ड टू चिल्ड्रन.’ झुपकेदार मिशांचा लिफ्टवालासुद्धा घडाघडा हेच म्हणून गेला. आपल्या नवऱ्यासाठी स्वयंपाक करायलाच लागतो, असं त्याने मला ठणकावून सांगितलं आणि घाम पुसला. एरवी मी पोट धरून हसले असते. आज नुसती जांभई आली.

हॉस्पिटलातल्या रोजंदारीच्या माणसांची ही तोंडी परीक्षा. परदेशी पेशंट येऊ लागल्यापासून मोठ्या साहेबांच्या डोक्यात इंग्रजीचं खूळ शिरलंय. पास झालं की नोकरी कायम आणि आवारातल्या क्वार्टर्समध्ये एक खोली. विषय, ‘माझी कर्तव्यं’. मस्ट, हॅव टू, शुड वापरून बोलायचं आणि मग माझ्या एका प्रश्नाला इंग्रजीतच उत्तर द्यायचं. एक्स-रेवाल्या बाईंनी स्वतःच्या घरचं उत्तर लिहून दिलं होतं आणि झाडून सगळ्यांनी तेच घोकलं होतं.

मला तर कर्तव्य या शब्दाचाच वीट आला होता. सकाळपासून घरून निरोपांवर निरोप येत होते. सासूबाईंची औषधं आण, नणंद जेवायला येतेय, धाकट्याला आणायला जा. जमेल का, असं एकानेही विचारलं नव्हतं.

मग बायकांच्या वॉर्डातल्या मावशी आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि एकही शब्द न अडखळता तेच सगळं म्हणाल्या. ‘टू चिल्ड्रन’ म्हणताना किंचित हसल्याही. तिथे माझं डोकं फिरलं.

“मावशी, पुरे झालं ते पाठ केलेलं,” मी सरळ मराठीतच म्हटलं. “खरं सांगा, घरी कोण कोण असतं?”

“कोणी नाही, मॅडम.”

“म्हणजे?”

“नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ झालंच नाही.”

“मग हे कशाला म्हणता?”

“बाईंनी दिलं, ते पाठ केलं. रोज ओट्याशी उभी राहून म्हणायचे. म्हणता म्हणता बरं वाटायला लागलं बघा. कुणाला तरी उठवायचंय, कुणाला तरी उशीर होतोय. एकदा तर वेडीसारखा चौघांचा भात टाकला.” त्या ओशाळल्या. “आता नापास का मी? खोली मिळाली असती तर भिंतीपलीकडे माणसांचा आवाज तरी आला असता. तेवढ्यासाठीच बसले हो परीक्षेला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या कंटाळ्यापायी मी एका बाईचं घर उघडं पाडलं होतं.

“नापास कशाने? प्रश्नाचं उत्तर तेवढं इंग्रजीत द्या,” मी म्हटलं. “घरी कोण असतं, आणि तुम्हाला काय काय करावं लागतं.”

“नोबडी ॲट होम, मॅडम,” त्या म्हणाल्या. “आय हॅव टू...”

तिथे अडल्या. शब्दावाचून अडलं असेल म्हणून मी सुचवायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं. त्या खरोखरच एखादं काम शोधत होत्या. संध्याकाळपासून सकाळपर्यंतचं घर डोळ्यांपुढे आणून, आपल्यावाचून कुणाचं काय अडतं ते आठवून बघत होत्या.

“आय हॅव टू लॉक द डोअर,” त्या शेवटी म्हणाल्या.

मी पूर्ण मार्क दिले. “झालं, मावशी. पास झालात. या आता.”

त्यांनी हात जोडले, पण खुर्चीवरून काही उठल्या नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, “लगेच जायलाच पाहिजे का?”

“नाही,” मी म्हटलं, आणि बाहेर बसलेल्यांना जरा थांबायला सांगितलं.