फौजदारचे पान

मी एक जुनी, जाडजूड आणि स्वभावाने संशयी वही आहे. मुलींच्या एका शाळेच्या वाचनालयात मी राहते. या शाळेत शिकून गेलेली एखादी विद्यार्थिनी वारली, की तिच्या आठवणीसाठी माझ्यात एक पान लिहिले जाते. मित्रांनो, इतक्या बायकांची आयुष्ये पोटात घेऊन बसलेली मी खरे तर मायाळू असायला हवी होते. तशी मी नाही, आणि त्याला कारण आहे.

माझा जन्म एका बुकबाइंडरच्या दुकानात झाला. त्याने जाड दोऱ्याने माझी पाने शिवली, वर निळे कापड चढवले आणि कोपऱ्यांना चामडे लावले. तेव्हाच्या मुख्याध्यापिका मोठ्या खमक्या होत्या. त्यांनी माझ्या पहिल्याच पानावर दोन नियम लिहून ठेवले. पान नातेवाइकांनी लिहायचे नाही, तर बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने लिहायचे. आणि प्रत्येक पानावर त्या बाईची एक तरी खोड लिहायचीच! "नुसते गुण लिहिले तर ती आपली मुलगी राहत नाही, भिंतीवरचा फोटो होते," असे त्या म्हणत.

सुरुवातीची पाने झकास होती. एका सुईणीने शेकडो बाळंतपणे केली, पण मागून नेलेली छत्री कधी परत केली नाही. गणिताच्या एका शिक्षिकेला हरणे सोसत नसे, म्हणून ती पत्त्यांत नातवंडांनाही फसवायची. शाळेच्या वाढदिवशी ही पाने सभागृहात वाचली जात. मुली खो खो हसत आणि मग एकदम गप्प होत. तेव्हा माझे फार कौतुक होई.

मुख्याध्यापिका गेल्या आणि लबाडी सुरू झाली. 'खोड : फार कष्ट करायची.' 'खोड : स्वतःकडे लक्ष द्यायची नाही.' याला का खोड म्हणतात? मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरे काय! तेव्हापासून पेनाचे टोपण काढणारा प्रत्येक माणूस मला लबाड वाटू लागला. वाचनाला मुली जांभया देऊ लागल्या. हळूहळू मी कपाटाच्या खालच्या खणात, मोडक्या पृथ्वीगोलाच्या शेजारी जाऊन पडले.

गेल्या वर्षी एक म्हाताऱ्या शिंपीणबाई आल्या. त्यांची बाकावरची मैत्रीण वारली होती. ही मैत्रीण जन्मभर औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि शाळेत सगळ्या तिला 'फौजदार' म्हणत. शिंपीणबाईंनी कोरे पान उघडले, पेन काढले, बराच वेळ बसल्या आणि काहीच न लिहिता निघून गेल्या. चार दिवसांनी पुन्हा तेच. त्यांच्या गळ्यात छोटी कात्री लोंबत होती. इथे काहीतरी पाणी मुरतेय, असे मला वाटले. ही बाई माझे एखादे पान कापून न्यायला आली आहे, अशी माझी खात्रीच झाली.

तिसऱ्या वेळी फौजदारची लेक त्यांच्या आधीच येऊन बसली होती. तिच्या हातात टाइप केलेला कागद होता.

"मावशी, एवढंच उतरवा. आई प्रेमळ होती, कष्टाळू होती. बाकी काही नको."

ग्रंथपाल मधे पडल्या. "अहो, पण एक खोड लिहावीच लागते. नियम आहे."

"कशाला? चारचौघांत आईचं हसं करायला?" लेक शिंपीणबाईंकडे वळली. "तुम्ही काय लिहिणार आहात ते आधी मला सांगा."

"आधी सांगितलं ना बाळ, तर माझ्याच्यानं लिहून होणार नाही," शिंपीणबाई म्हणाल्या. "मी लिहिते. मग तू वाच आणि हवं तर फाडून टाक."

फाडून टाक! पण त्या लिहू लागल्या.

'फौजदार औषधाची प्रत्येक चिठ्ठी तीनदा वाचायची. तिच्या हातून चुकीचे औषध कधी गेले नाही. खोड : संशयी. कुणावरच विश्वास ठेवत नसे. कारण : मी. आठवीत भरतकामाच्या परीक्षेत तिने उशीचा सुरेख अभ्रा भरला होता. मी गुपचूप त्याला माझ्या नावाची चिठ्ठी टाचली आणि माझ्या अभ्र्याला तिच्या. पहिला नंबर मला मिळाला. ती रडून सांगत होती, तेव्हा बाईंनी तिला वर्गासमोर खोटारडी म्हटले. मी शेजारीच बसले होते. तोंड उघडले नाही. त्यानंतर ती रोज दहादा स्वतःचे दप्तर तपासू लागली, म्हणून आम्ही तिला फौजदार म्हणू लागलो.'

लेकीने पान वाचले. पुन्हा वाचले. मग ती खुर्चीत मागे टेकली.

"आई रोज माझं दप्तर तपासायची," ती म्हणाली. "मी मैत्रिणीकडे गेले की तिथे फोन करून विचारायची, खरंच आलीये का म्हणून. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे."

"तुझ्यात काही नव्हतं गं. माझं पाप तुझ्या वाट्याला आलं."

लेकीने पानावरून नजर उचलली आणि विचारले, "तिला कधी सांगितलंत हे?"

"रक्तदाबाच्या गोळ्या तिच्याच दुकानातून घ्यायचे. दर महिन्याला. दर वेळी ठरवून जायचे." शिंपीणबाईंनी पेनाला टोपण लावले. "ती तीनदा तपासून गोळ्या द्यायची. मी घेऊन घरी यायचे."

लेकीने तो टाइप केलेला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. माझे पान तिने फाडले नाही. मला मात्र माझीच लाज वाटली. मी कात्रीकडे बघत बसले होते.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, वाळवीपासून जपा. पण खरी विनवणी वेगळीच आहे. एखाद्याची माफी मागायची असेल, तर ती माझ्यासाठी राखून ठेवू नका. यंदा शाळेच्या वाढदिवशी फौजदारचे पान वाचले गेले. साऱ्या मुलींनी ते ऐकले, लेकीने ऐकले. जिने ऐकायला हवे होते, ती तेवढी नव्हती.