गिऱ्हाइकं नात्यात आली तेव्हा

मी मावशीच्या शिवणकामाच्या दुकानाची पाटी बोलतेय. तिची भाची दूरदेशी शिकून परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, मी दारावर दिमाखात झळकत असेन. मी सापडले पलंगामागे, भिंतीकडे तोंड करून. वर्गात बडबडल्याची शिक्षा झाल्यासारखी.

माझा जन्म काही लपण्यासाठी झाला नव्हता. रंगाऱ्यानं माझ्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'येथे कपडे शिवून व उसवून मिळतील.' उसवून घ्यायला कुणी आलं नाही, पण मावशी म्हणायची, "असू दे, लोक हसतात आणि हसता हसता आत येतात."

मग नवा कायदा आला. माणसांच्या पगारावरचा कर उठला आणि धंद्यांवर बसला. भाचीनं यासाठी तिकडून वर्तमानपत्रांत पानंच्या पानं लिहिली होती. "राबणाऱ्याच्या पगाराला हात लावू नका, नफ्यातून घ्या!" तिचं खरंच होतं. पण कायदा येताच आमच्या गल्लीत एकही धंदा उरला नाही. न्हाव्याकडे म्हणे मित्र गप्पा मारायला येत, आणि बोलता बोलता त्यांचे केस कमी होत.

भाची आली त्याच दिवशी करखात्याचे साहेब आले.

"इथे दुकान आहे ना?"

"छे! घर आहे," मावशी म्हणाली.

"मग ही रांग?"

"मी मावसभाऊ," पहिला म्हणाला.

"मीही," दुसरा म्हणाला.

"आणि सगळ्यांच्या हातात पँट?"

"आमच्या घराण्यात पाय आखूड आहेत, साहेब."

"अहो मावशी, असं कसं..."

"बघा! तुम्हीसुद्धा मावशीच म्हणालात. बस बाळा, तुझं बटण लोंबतंय."

साहेब बटण लावून घेऊन गेले. भाची कपाळाला हात लावून बसली.

संध्याकाळी काजं करणाऱ्या बाईंनी पदराला हात पुसत विचारलं, "ताई, आज पगार ना? आता कर कापायचा नाही म्हणे. पोरीला चष्मा घ्यायचाय."

मावशी अडखळली. "अगं, दुकानच नाही, तर पगार कुठला? आजपासून तू माझी जाऊ."

"जावेला पगार नसतो, ताई," बाई शांतपणे म्हणाल्या, "वाटा असतो."

मावशीला ठसका लागला. भाची हसली नाही. ज्यांच्यासाठी तिनं एवढं लिहिलं, त्यांच्याच हाती नातं आलं होतं, पगार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला ओढून काढलं, फडक्यानं पुसलं आणि स्टुलावर चढली.

"उतर! कर कोण भरणार?" मावशी ओरडली.

"दुकान भरेल. कमी पडलं तर मी राबेन. मला भागीदार कर, मावशी."

"सुईत दोरा ओवता येतो का तुला?"

"नाही. शिकेन. पण आधी बाईंचा पगार."

मी पुन्हा दारावर आहे, जराशी तिरपी. तुमची पँट लांब असेल तर जरूर या. फक्त एवढं करा, गिऱ्हाईक म्हणून या.