अनडूची बाधा

टायपिस्ट मुलीचे पत्र येऊन तीन दिवस झाले, तरी छापखान्यातले मुद्रितशोधक काका ते नुसते खिशात घेऊन फिरत होते. "काका, तुम्ही इतकं वाचता. तुम्हीच सांगा, माझ्या हातांत खरंच काही दोष आहे का? मालक सोमवारी दुसरी मुलगी ठेवणार आहेत."

'नाही' असे लिहायला काकांना तरी कुठे खात्री होती? सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ती टाइप करता करता अख्खा मजकूर गडप! इतर कुणाच्या हातून असे होत नसे. मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावणे जाई. त्याला आता सगळे यंत्रमहाराज म्हणत. काम टाकून सगळे गोळा होत. महाराज कीबोर्डवर निळा रुमाल पसरत, खाली हात सरकवत, डोळे मिटत.

"विद्युल्लते, रुसू नकोस! गेलेलं परत दे!"

आणि मजकूर हजर!

"अहो, मी फक्त एक चूक सुधारायला जाते," मुलगी रडकुंडीला येऊन सांगे.

"ऐकलंत? सुधारायला जाते आणि बिघडवते! उष्ण लहरी आहेत पोरीच्या हातांत." महाराजांनी एकदा निदान केले.

"आणि माझ्या हातांत काय?" बाइंडरने विचारले.

"चिकट खळ!" मशीनमन म्हणाला. सगळे हसले. मुलगी सोडून. दुसऱ्याच दिवशी मालकांनी तिला घरी बसवले. ते आता शाईसुद्धा महाराजांना विचारून मागवत.

गुरुवारी काका तिच्या रिकाम्या खुर्चीत बसले. हाताने लिहिलेली उत्तरे फाडून झाली होती. टाइप करून तरी जमतेय का बघावे. अर्धे पान झाले. शेवटचे वाक्य भलतेच ठाम वाटले, म्हणून त्यांनी अनडू केले. शेवटची कृती तेवढी मागे घेणारी ही कळ तिनेच त्यांना शिकवली होती.

पान कोरे!

काकांना दरदरून घाम फुटला. आपल्याही हातांत लहरी? ते उठले, पुन्हा बसले. मग चमकले. बाकीचे सगळे चुकले की एकेक अक्षर खोडत मागे जातात. अनडू वापरते ती एकटीच!

कुठल्या कळीने काय व्हावे, हे त्या प्रोग्रॅममध्ये ठरवता येत होते. काकांनी ती यादी उघडली. अनडूच्या कळीला नेमून दिले होते: सुरुवातीपर्यंत सगळे मागे. कोपऱ्यातल्या, कुणी हात न लावणाऱ्या कळीला: सगळे पुन्हा परत. महाराजांशिवाय ही मांडणी कुणी उघडलीच नव्हती.

महाराज आतच मालकांचा चहा पीत होते. काकांनी सगळ्यांना बोलावले.

"मालक, जरा... म्हणजे माझं चुकतही असेल." त्यांनी चार ओळी टाइप केल्या आणि अनडू दाबले. ओळी गेल्या.

"मेलो! काकांनाही लागण!" मशीनमन ओरडला.

काकांनी डोळे मिटले. "बे एके बे, बे दुणे चार..." म्हणत कोपऱ्यातली कळ दाबली. ओळी परत आल्या.

बाइंडर पुढे घुसला. एक कळ दाबली, ओळी गेल्या. "बे त्रिक सहा!" दुसरी दाबली, ओळी आल्या. "अरे, खळीच्या हातांनीही येतंय की!"

"हे शास्त्र आहे, पोरखेळ नव्हे!" महाराज गरजले.

"मग रुमाल न टाकता करून दाखवा," काका म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

महाराज कप अर्धा टाकून निघाले. मालक खाली मान घालून म्हणाले, "तिला सोमवारी यायला सांगा, काका."

काकांनी उभ्या उभ्याच हाताने लिहिले. "बाळ, तुझ्या हातांत दोष नाही. कळ मुद्दाम बदलली होती. आम्ही सगळे चमत्कार बघत बसलो. 'हे होतं कसं?' असं कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही. यापुढे तुझ्यात दोष आहे असं कुणी म्हटलं, तर रडू नकोस. आधी विचार, कशावरून? आणि काही न झाकता करून दाखवायला सांग. सोमवारी ये."

टपाल न्यायची वेळ होत आली होती. काका चक्क पळत सुटले आणि पाकीट पेटीत पडल्याचा आवाज ऐकल्यावरच थांबले.