आईची पांढरी चटई

तोरिकेच्या लग्नात सोंगाडीण म्हणून माझं नाव कफोआने पुढे केलं, तेव्हाच मला वाटलं की यात काहीतरी आहे.

कफोआ माझा धाकटा भाऊ, तोरिके त्याची लेक. आमच्या रोटुमा बेटावर लग्नाच्या दिवशी सगळी सत्ता एका बाईची असते. मुलीकडची, उतारवयाची, तोंडाची फटकळ अशी कोणीतरी निवडतात आणि तिच्या हातात काठी देतात. ती म्हणेल त्याने नाचायचं, ती म्हणेल त्याने उन्हात गुडघ्यावर बसायचं, मग तो गावप्रमुख का असेना. पाहुणे जेवून गेले की काठी खाली ठेवायची आणि दिवसभर झालेल्या गोष्टींवर कोणी रागवायचं नाही.

मी पडले हळू बोलणारी. डुकरं बागेत शिरली तरच माझा आवाज शेजारी ऐकू जातो. पहाटेची जपमाळ पूर्ण होईपर्यंत मी कोणाशी बोलत नाही, शुक्रवारी मांस-मासळी शिवत नाही, आणि नवरा गेल्यापासून नाचाच्या रांगेत उभी राहिलेली नाही. अशा बाईला सोंगाडीण करायची?

"तोरिके तुझ्या अंगाखांद्यावर वाढली, ताई," कफोआ म्हणाला. "तिच्या लग्नात काठी दुसऱ्या कोणाच्या हातात शोभणार नाही."

"पण मग आत चटया कोण बघणार? मोठी आत्या मीच ना?"

"चटयांचं एमेले बघेल."

एमेले त्याची बायको. ती तिथेच अळूचे कंद सोलत बसली होती. एरवी तिच्या वाटणीचं काम दुसऱ्याने ठरवलं तर ती दहा प्रश्न विचारते. त्या दिवशी तिने मान वर केली नाही.

आमच्या दोघींत तसं पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. आई गेली त्या आठवड्यात आईची झोपायची चटई घरातून नाहीशी झाली. जुनी, कडा उंदरांनी कुरतडलेली, खोबरेल तेलाचा वास असलेली. आठवण म्हणून मला तेवढी एकच हवी होती. मी चुलीमागे पाहिलं, माळ्यावर पाहिलं, शेवटी एमेलेला म्हणाले की तूच कचरा समजून जाळलीस. ती रडली, पण हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. तेव्हापासून ती मला जेवायला वाढायची, पण माझ्या शेजारी बसायची नाही.

लग्नाच्या दिवशी पहाटे जपमाळ संपवली आणि बायकांनी माझा ताबा घेतला. पुरुषी सदरा चढवला, तोंडाला पावडर फासली, डोक्यावर फाटकी टोपी ठेवली. आरशात पाहून मीच क्रूसाची खूण केली.

नवऱ्याकडची मंडळी गात गात आली. पुढे नवरा मुलगा वेसेसियो, मागे त्याची आई मकेरेता, आणि तिच्या मागे बायका चटया डोक्यावर घेऊन. मी काठी उचलली आणि म्हणाले, "बसा खाली सगळे."

कोणी बसलं नाही. कोणाला ऐकूच गेलं नाही.

"रेजिएली," गावप्रमुख इंजिमो म्हणाले, "हुकूम जरा मोठ्याने द्या. नाहीतर चिठ्ठी पाठवा."

"सोंगाडीण आहे का चर्चमध्ये मिस्साला आलीय?" नवऱ्याकडच्या कोणीतरी म्हटलं.

हशा झाला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार. काठीने दोन-तीन पोरांना नाचायला लावलं, ते माझी दया येऊन नाचले. कफोआ लांब जमिनीत खणलेल्या भट्टीजवळ उभा होता. तापल्या दगडांवरून भाजलेली डुकरं अजून निघायची होती, तिथे त्याचं काही काम नव्हतं. तरी तो तिथेच होता आणि दर थोड्या वेळाने मांडवाकडे पाहत होता. माझ्याकडे नाही. चटयांकडे.

मांडवात केवड्याच्या जाड्याभरड्या चटया आधी अंथरतात, त्यांच्यावर बारीक विणीच्या, आणि सगळ्यांत वर नवऱ्याकडून आलेली पांढरी. पांढरी चटई विणायला घेताना डुक्कर कापावं लागतं, इतका तिचा मान. पिवळसर पांढरी, कापडासारखी मऊ, कडेला लोकरीचे गोंडे. तिच्यावर नवरानवरीशिवाय कोणी पाय ठेवत नाही. हल्ली विणणाऱ्या बायका राहिल्या नाहीत, त्यामुळे अशी चटई घरात असणं म्हणजे मोठीच गोष्ट.

मकेरेताच्या बायकांनी पांढरी चटई उलगडली. वाऱ्याने कोपरा उचलला आणि मला ठिगळ दिसलं.

शंकरपाळ्याएवढं ठिगळ. आईने ही चटई विणायला घेतली होती तेव्हा माझी मेणबत्ती तिच्यावर कलंडली होती. मी डोळे मिटून जपमाळ म्हणत होते, मला जळका वास आल्यावर कळलं. आईने मला शब्दाने बोल लावला नाही. तेवढाच भाग कापून तिने वेगळ्या पानाचं ठिगळ विणलं. इतक्या वर्षांत ते थोडं काळपट पडलं होतं.

ही चटई मी आईच्या शवपेटीत ठेवायला दिली होती. मरताना तिचा हात धरून मी म्हणाले होते, तुझी पांढरी चटई तुझ्याबरोबर जाईल. कफोआच्या हातात मीच घडी दिली आणि त्याने ती पेटीत ठेवलेली मी पाहिली.

मेलेल्या माणसाच्या अंगावरची चटई नवरीखाली आली तर काय होतं, हे आमच्याकडे कोणी मोठ्याने सांगत नाही. फादर म्हणतात, असं काही नसतं. फादर दुसऱ्या बेटावरचे आहेत. तोरिके आत घरात केसांत फुलं माळून घेत होती आणि थोड्या वेळात या चटईवर बसणार होती.

मी मकेरेतासमोर जाऊन काठी आपटली. "विहीणबाई, गुडघ्यावर."

आवाज कुठून आला मला माहीत नाही. मकेरेता हसत हसत गुडघ्यावर बसली.

"चटई छान आहे. तुमच्याकडे कोण विणतं?"

"आहेत की हात." ती अजून हसत होती.

"वादळात तुमचं घर छपरासकट उडालं म्हणे. उशा लाटेबरोबर गेल्या, भांडी गेली. ही तेवढी किनाऱ्यावर तुमची वाट बघत थांबली होती?"

लोक खिदळले. मकेरेताचं हसू तोंडावर राहिलं, पण डोळे भट्टीकडे गेले. क्षणभरच. मला तेवढं पुरलं. मला सोंगाडीण का केलं तेही मला तेव्हाच कळलं. सोंगाडीण बाहेर पुरुषांना नाचवत फिरते. मोठी आत्या आत बसून चटया हाताळते, एकेक कोपरा बोटांनी चाचपते.

"इंजिमो," मी म्हणाले, "उठा. भट्टीजवळचा तो माणूस पकडून आणा."

"आता ऐकू आलं," म्हणत गावप्रमुख उठले. त्यांनी कफोआला दंडाला धरून आणला. कफोआ पाय ओढत होता. मी त्याचा कान पकडला आणि गाणाऱ्यांना म्हणाले, "ठोका. मला माझ्या भावाबरोबर नाचायचंय."

मांडव उठून उभा राहिला. रेजिएली नाचणार, हे बघायला चुलीवरच्या बायकाही धावत आल्या. एकीने आमच्या डोक्यांवर पावडर उधळली. ताल सुरू झाला तसा मी कफोआचा कान माझ्या तोंडाजवळ ओढला.

"ही आईच्या अंगावरून काढलीस?"

"नाच, ताई. लोक बघतायत."

"मी नाचतेच आहे. तू बोल."

"अंगावर गेलीच नाही ती."

"मी पाहिली पेटीत ठेवताना."

"घडी ठेवताना पाहिलीस. मग तू जपमाळ सुरू केलीस आणि डोळे मिटलेस. तू एकदा डोळे मिटलेस की शेवटच्या आमेनपर्यंत उघडत नाहीस, हे अख्ख्या सुमी गावाला माहीत आहे."

बघणाऱ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. मी कान सोडला नाही.

"मग आईच्या अंगावर काय घातलंस?"

"तिची झोपायची."

माझा पाय चुकला. लोकांना वाटलं मी मुद्दाम चुकले, ते आणखी हसले.

"तिनेच सांगितलं," कफोआ धापा टाकत म्हणाला. "म्हणाली, मला माझी रोजची द्या, नव्या चटईवर मला झोप लागत नाही. पांढरी तोरिकेला ठेवा."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"म्हणाली, रेजिएलीला सांगू नका. ती आधी नऊ दिवसांची नोव्हेना लावेल, मग फादरना विचारेल, तोवर मी गेलेली असेन."

हे शब्द आईचेच वाटत होते. पण कफोआ लहानपणापासून आईचा आवाज हुबेहूब काढतो. त्या आवाजात त्याने शेजाऱ्यांकडून किती वेळा साखर आणली आणि वाटेत खाल्ली.

"तोरिकेला ठेवली, तर मकेरेताच्या घरात कशी गेली?"

"त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं, ताई. रिकाम्या हातांनी आले असते तर पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं, कुठल्या घरात पडलीस म्हणून. मी रात्री—" तो थांबला. "मी नेऊन दिली. चटई शेवटी तोरिकेखालीच येणार. फक्त रस्ता लांबचा झाला."

गाणं संपलं. त्याच वेळी दारातून तोरिके बाहेर आली. फुलांखाली तिचा चेहरा लहान दिसत होता. नवऱ्याकडच्या बायकांनी वाट केली.

मी एक शब्द म्हटला असता, गुंडाळा, तर ती चटई गुंडाळली गेली असती. त्या दिवशी माझा शब्द कोणी मोडला नसता. मग मकेरेताला तिच्या माणसांसमोर तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि तोरिकेचा संसार कोरड्या केवड्यावर सुरू झाला असता. आणि गप्प बसले आणि कफोआ खोटं बोलत असला, तर माझ्या हाताने वाढवलेली पोर मी माझ्या डोळ्यांदेखत आईच्या कफनावर बसवणार होते.

एमेले दाराच्या खांबाला टेकून उभी होती. तिला खोटं बोलता येत नाही. म्हणूनच त्या वेळी ती नुसती रडली असेल, असं आता मला वाटलं. की नवऱ्याने शिकवून ठेवलं होतं?

मी काठी तिच्याकडे रोखली. "एमेले, पुढे ये. सोंगाडीण विचारतेय. या घरातून सासूची झोपायची चटई चोरीला गेली. कोणी नेली?"

लोक आधीच हसायला लागले, सोंगाडीण आता जुनं काय काय उकरून काढते म्हणून. एमेले हसली नाही. तिने कफोआकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "सासूबाईच घेऊन गेल्या, वन्सं. मी घडी करून दिली. त्या जाताना विचारत होत्या, कडा कुरतडलेली बाजू पायाशी ठेवलीस ना."

मांडवात हास्याचा लोट उठला. मेलेली बाई चटई बगलेत मारून निघाली, असं चित्र त्यांना दिसत असणार. मला आईची पावलं दिसली. ती कायम कुरतडलेली बाजू पायाशी घ्यायची. गालाला टोचते म्हणायची. हे कफोआला माहीत असायचं कारण नव्हतं. तो लहानपणापासून पुरुषांच्या खोलीत झोपायचा, म्हणजे हे त्याने तिला पढवलेलं नसणार.

तरी पूर्ण खात्री मला त्या क्षणीही नव्हती, हे खरं. एमेले तिचं अंथरूण घालायची, तिला माहीत असणारच, असंही मनात आलंच. मी तोरिकेला हाताने थांबवलं. मग मांडवात गेले आणि मळक्या पायांनी पांढऱ्या चटईच्या मधोमध फतकल मारून बसले.

बायकांनी तोंडाला हात लावले. गेल्या कित्येक लग्नांत कोणत्याही सोंगाडिणीने असं केलं नव्हतं.

"रेजिएली," इंजिमो म्हणाले, "नवरी कोण आहे आज?"

"बघत होते टोचते का," मी म्हणाले. मनात म्हणत होते, देवा, या चटईवर काही असेल तर ते मला लागू दे, मी आधी बसले आहे. बोटांनी ठिगळ चाचपलं. वास घेतला. केवडा आणि कापराच्या गोळ्या. माती नव्हती, खोबरेल तेल नव्हतं.

मी उठले, सदऱ्याच्या बाहीने माझ्या पायांचे ठसे पुसले आणि काठीने तोरिकेला खूण केली. ती बसली. वेसेसियो बसला. मकेरेता ढसाढसा रडायला लागली, तसं मी तिला रडतच नाचायला लावलं. कफोआला भर उन्हात डोक्यावर अळूची टोपली घेऊन उभा केला आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत खाली उतरवू दिली नाही. त्याने एकदाही कुरकुर केली नाही, आणि एरवी कशावरही कुरकुरणारा माणूस गप्प राहिला हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

संध्याकाळी काठी खाली ठेवली. एमेलेने माझं पान वाढलं आणि स्वतःचं घेऊन माझ्या शेजारी बसली. आम्ही फेकेई खाल्लं, नारळाच्या दुधातलं गोडाचं. गोड जरा जास्त झालं होतं, तिने विचारलं तेव्हा मी तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी जपमाळ घेतली. पहिल्या मण्यापासून शेवटच्या आमेनपर्यंत डोळे उघडे ठेवले. आता रोज तसंच करते.