आमेन म्हणायचं राहिलं

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे आणि या घराची सगळी श्रद्धा माझ्यावर उभी आहे. खरं सांगायचं तर टेकलेली आहे; उभी असती तर माझ्या अंगाला गुडघ्यांचे हे दोन खड्डे पडले नसते.

मला एका न्हाव्याच्या बायकोनं शिवलं. आत त्याच्या जुन्या विजारींची कातरणं भरली, म्हणून मी जरा टणकच. रोज सकाळी ती बायबलमधला उतारा मोठ्यानं वाचायची, मग माझ्यावर गुडघे टेकून प्रभूशी अरेतुरेत बोलायची. न्हावी तेवढ्यात स्वतःची दाढी उरकायचा.

"माझंही सांग गं," तो आरशातूनच म्हणायचा.

"का? तुमची जीभ गहाण पडलीय?"

मग ती वारली आणि मी पलंगाखाली गेले. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. काम तिच्याइतकं सुबक नव्हतं. दुकान तर आधीच बंद झालं होतं. जन्मभर लोकांच्या डोक्यांशी गप्पा मारलेल्या माणसाला आता बोलायला एक डोकं उरलं नाही.

एका सकाळी त्याची चप्पल पलंगाखाली सरकली. शोधताना मी हाती लागले. मला गुडघ्यांखाली घेऊन त्यानं चप्पल ओढली, पण उठला नाही. "आता टेकलोच आहे तर," असं पुटपुटून तिचं बायबल उघडलं. दुसऱ्या दिवशी चप्पल जागेवर होती, तरी तो आला.

त्याला प्रार्थना जमत नव्हती. गिऱ्हाईक जमत होतं, म्हणून त्यानं प्रभूलाच खुर्चीत बसवलं. "या साहेब. उकडतंय ना? काल ते हरवलेल्या मेंढराचं वाचलं. बाकीचा कळप सोडून एकामागे गेलात. धंद्याच्या दृष्टीनं चूकच ती." एकदा सवयीनं "मान जरा खाली" म्हणून गेला, आणि मग मुकाट्यानं आपलीच खाली घातली.

फक्त शेवटी आमेन म्हणेना. अखेर चर्चचे पाळकसाहेब समजवायला आले.

"काका, आमेन म्हणजे संपलं असं नव्हे. तसंच होवो, असा अर्थ."

"अर्थ ठाऊक आहे हो. पण माझ्या लेखी ते गळ्याभोवतीचं कापड झटकणं. झटकलं की माणूस उठून जातो. मग या घरात मी आणि कपाट."

पाळकांनी प्रार्थनाच सुरू केली. आमेनपाशी येताच न्हाव्यानं त्यांची बाही धरली. "राहू द्या. चहा घ्या." बिचारे प्रार्थनेतच चहा प्यायले आणि प्रार्थनेतच घरी गेले.

पण यात न्हाव्याची पंचाईत झाली. प्रार्थना संपतच नसल्यानं ती दिवसभर चालू राही. शेजारी शिडी मागायला आला. "नाहीये," म्हणून यानं दार लावलं आणि लगेच उघडलं. "आहे. घेऊन जा. साहेब ऐकताहेत." शेजाऱ्यानं आत डोकावून पाहिलं. कुणी नव्हतं. शिडी मात्र मिळाली.

असे पुष्कळ महिने गेले. मग एका सकाळी वाचन झाल्यावर त्यानं बायबल मिटलं. "काल हिच्या कबरीवर गेलो," तो म्हणाला. "निघताना तुम्हाला हाक मारायची विसरलो. तरी तिथं होतात. आज बघतोच." मग हळूच म्हणाला, "आमेन."

नळ ठिबकत होता. दुकानात पाठमोरा असताना गिऱ्हाईक उठलं का, खुर्ची करकरते का ते ऐकावं, तसा तो कान देऊन राहिला.

"कापड झटकलं," तो म्हणाला, "तरी उठला नाहीस?"

मित्रांनो, साहेबांचा 'तू' झाला तो त्या दिवशी.

पलंगाची दुसरी बाजू अजून रिकामीच आहे. तिथं हात ठेवूनच तो उठतो. पण उद्या पुन्हा येतो. म्हणून सांगते, रोज थोडं टेका. बोलणं जमलं नाही तरी चालेल. आणि तुमच्या घरच्या उशीला उन्हात घालाल, तेव्हा जरा बेतानं बडवा. आम्हाला पाठ नसते, सगळं पोटच असतं.