खोबरच्या बारशातला जेसन

आखाती युद्ध पेटलं होतं आणि रत्नाकरला पोराचं नाव ‘रिक’ ठेवायचं होतं. सौदीतल्या खोबर शहरातल्या ऑफिसातले अमेरिकन साहेब त्याला ‘रे’ म्हणत, त्यावरच स्वारी हवेत होती. बायकोला, मधुमतीला, आजोबांचं केशव हवं होतं.

“ग्रीकांच्या राज्यात यहुद्यांनी हेच केलं,” बारशाच्या दिवशी ती फणकारली. “जेरुसलेमचा येशुआ ‘जेसन’ झाला. राजाला खूश करून मुख्य पुजारी झाला, देवळाखाली आखाडा काढला. बाकीचे पुजारी पूजा टाकून थाळीफेकीला पळाले!”

“मजा केली की!”

“मग राजाला याहून लाचार माणूस भेटला आणि त्याने जेसनला हाकललं.”

खरी आत्या नाशकात अडकलेली, म्हणून शेजारची रत्नागिरीकर आलिमा आत्या झाली. ती पाळण्यावर वाकली तोच क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला. सगळ्यांनी गॅसचे मुखवटे चढवले. बाळाच्या मापाचा कंपनीकडे नव्हताच.

“रिक! रिक!” रत्नाकर मुखवट्यातून घुमला.

आलिमाने आपला मुखवटा वर सारला, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि ठणकावलं, “केशव!”

“अगं, पण...”

“खलास, दादा! आत्याने कानात घातलं तेच नाव. बदलायचं तर दुसरी बहीण आण.”

बायकांनी आलिमाच्या पाठीत रीतीचे धपाटे घातले. मधुमतीचा एक चुकून रत्नाकरला बसला. चुकून, असं तीच म्हणते.