मलम लागलं भलत्याच गालांना

ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. गिऱ्हाइकाने नवा चष्मा चढवला की हातभर अंतरावर पहिली दिसायची तीच. एकदा एका निवृत्त मास्तरांनी नवा नंबर लावून पाहिला आणि आनंदाने ओरडले, "वा! फारच स्पष्ट! तुझ्या गालावरचे खड्डेसुद्धा मोजता येतात!"

मास्तरांच्या मनात वाईट काही नव्हतं. तिने हसून पावती फाडली आणि संध्याकाळी घरी जाहीर केलं, "मी गालांना लेसर करून घेणार."

वडील घरं रंगवायचे. "चेहरा म्हणजे काय भिंत आहे, घासून काढायला?"

"भिंत असती तर तुम्हीच केली असती," आई म्हणाली. "जा तिच्याबरोबर. काय विचारायचं ते डॉक्टरांनाच विचारा."

त्यांनी विचारलं. "किती हात मारावे लागतील?"

"चार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रत्येक वेळी महिन्याचं अंतर. पण आधी औषधाने मुरमं आटोक्यात आणू, मग लेसर."

"एक हात सुकायला महिना?"

"खालून नवी कातडी भरून यायला."

"मग एकदम गुळगुळीत?"

"नाही. खड्डे उथळ होतील. पूर्ण जाणार नाहीत."

वडील खूश झाले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई खऱ्या आहेत. भिंत आरशासारखी करून देतो म्हणणारा रंगारी पहिल्या आठवड्यातच पळतो."

तीन महिन्यांनी मुरमं शमली आणि पहिल्या लेसरचा दिवस आला. ती फॉर्म भरून तोंड धुवायला गेली, तेवढ्यात दुकानातून फोन आला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली. इकडे नवीन नर्स बधिर करायच्या मलमाचा ट्रे घेऊन आत आली. खुर्चीत वडील बसलेले. खरं सांगायचं तर लेकीच्या गालांवर खड्डे होते, वडिलांच्या गालांवर खाणी होत्या. नर्सला विचारायची गरजच वाटली नाही.

"डोळे मिटा, काका."

बाहेर चपला काढायला लावतात, तसाच हाही इथला काही नियम असेल, असं समजून काकांनी डोळे मिटले.

अर्ध्या तासाने ती परतली, तर वडील तोंडभर पांढरं मलम, वर प्लास्टिकचा कागद, अशा थाटात ताठ बसलेले.

"बाबा! हे काय?"

"फला काय ठाऊक!" वडिलांचे ओठ बधिर झाले होते. "फाई फणाल्या, डोळे फिटा!"

नर्सच्या हातातला ट्रे खाली पडायचा तेवढा राहिला. डॉक्टरीणबाई मलम पुसता पुसता हसू दाबत होत्या. वडील मात्र गंभीर. "आता लावलंच आहे, तर एक हात फाझ्यावरही फिरवा ना."

"असं नाही करता येत. आधी तुमची त्वचा तपासावी लागेल."

तिचा पहिला हात झाला. परतीच्या वाटेवर तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच करून घ्यायचंय?"

त्यांनी गालावरून हात फिरवला. "कामावर मला चाळणी म्हणायचे. मीच सगळ्यात आधी हसायचो, म्हणजे त्यांची मजा जायची."

"कधीची गोष्ट?"

"अजून म्हणतात."

तिला हे ठाऊकच नव्हतं. तिनेच त्यांच्यासाठी तारीख घेतली.

पुढच्या महिन्यात दोघं एकदमच लालबुंद होऊन घरी आले. आईने पडदे ओढले. "रंग छान चढलाय दोघांनाही," म्हणाली. आठवडाभर ऊन नाही, धूळ नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांना राहवेना. ते पॉलिशपेपर घेऊन स्वयंपाकघराचं दार घासायला बसले. लेकीने तो हिसकावून घेतला आणि कपाटात टाकून कुलूप लावलं.

तिचे चारही हात पूर्ण झाले. खड्डे बरेच उथळ झाले. आता गिऱ्हाइकाशी बोलताना तिची मान खाली जात नसे. वडिलांनी दोनातच आवरतं घेतलं. घरी बसणं त्यांना लेसरपेक्षा जास्त टोचत होतं.

एका सकाळी खिडकीजवळच्या उजेडात आई त्यांच्याकडे निरखून बघत राहिली.

"काय बघतेस?"

"डावा गाल बराच भरून आलाय."

"आणि उजवा?"

"उजवीकडे दाढी करायची राहिलीय."